स्वस्तातला शेअर विकायचा कोणाला?



‘दुर्लक्षित, स्वस्त स्मॉलकॅप शेअर हेरा’ हा सल्ला हल्ली अर्थविषयक सदरांपासून यूट्यूबपर्यंत सर्रास दिला जातो. काय घ्यावे ते त्यात सांगतात. घेतलेले पुढे कोणाच्या गळ्यात घालायचे, ते कोणी सांगत नाही.

आधी ‘स्वस्त’चा हिशेब पाहू. समजा, कंपनीचे बाजारमूल्य 72 कोटी आणि नफा 12 कोटी. पीई, म्हणजे बाजारमूल्य भागिले नफा, 6; म्हणजेच शेअर मातीमोल भावात! पण त्यातले 8 कोटी कारखान्याची जमीन विकून आले असतील, तर धंद्याचा नफा उरतो 4 कोटी आणि पीई होतो 18. हा खुलासा वार्षिक अहवालातल्या टिपांमध्ये सापडतो, पण तिथवर वाचतो कोण? मोठ्या कंपन्यांचे आकडे डझनावारी विश्लेषक पिंजून काढतात. छोट्यांच्या वाट्याला बहुधा अफवाच येतात. साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीबद्दल यूट्यूबवरून खोटी माहिती पसरवून भाव फुगवला गेला आणि त्या भावाला आतल्यांनी शेअर विकले, असे बाजार नियामक सेबीने मार्च 2023 च्या अंतरिम आदेशात म्हटले होते.

चूक लक्षात आली तरी सुटका होतेच असे नाही. रोज 5 टक्क्यांचे लोअर सर्किट (दिवसभरातल्या घसरणीची कमाल मर्यादा) लागले, तर 100 रुपयांचा शेअर दहा सत्रांत 60 च्या खाली जातो. घेणाराच नसल्याने विक्रीची ऑर्डर रांगेत पडून राहते आणि ठरावीक भावाखाली आपोआप विकण्याचा स्टॉपलॉस निरुपयोगी ठरतो.

छोट्या कंपन्याच पुढे मोठ्या होतात, हे खरे. पण यशोगाथा तगलेल्यांच्याच सांगितल्या जातात. बीएसई स्मॉलकॅप निर्देशांक जानेवारी 2018 मध्ये 20 हजारांवर होता. मार्च 2020 मध्ये तो 9 हजारांखाली आला. शेकडो कंपन्यांच्या निर्देशांकाची ही गत, तर दोन-तीन शेअरांवर पुंजी लावणाऱ्याने कशाच्या भरवशावर राहायचे?

म्हणून विनंती : आपल्या अंकात अशा शेअरचे नाव छापताना त्याची रोजची सरासरी उलाढाल, प्रवर्तकांनी तारण ठेवलेल्या शेअरांचे प्रमाण आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड, हे तीन आकडे सोबत द्यावेत. लेखकाकडे तो शेअर आहे का, हेही सांगावे. एवढे देता येत नसेल, तर नाव छापूच नये.

– एक वाचक, सांगली