पाटा वाढला, ब्रेक तेच!

सूरत/नंदुरबार : कतारगामहून सामान भरून नवापूर, तळोदामार्गे धडगावला जाणाऱ्या जुन्या पिकअपची खरी परीक्षा चांदसैली घाटात होते. कच्च्या रस्त्यावर गाडी खाली टेकू नये म्हणून मालक कमानीत जादा पाटा टाकतात, मोठे टायर चढवतात. ब्रेक मात्र तेच राहतात. मोठा टायर थांबवायला जोर जास्त लागतो. उंच झालेली गाडी वळणावर कलंडूही शकते. आणि पाटा वाढला म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही.

कायदा दोन्ही राज्यांत एकच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनमानी बदल रोखतं. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, ते वेगळंच.

म्हणून जुन्या गाडीवर पहिला पैसा ब्रेक लायनर, ब्रेक ऑइल आणि पाट्यांच्या बुशवर लागायला हवा. चढ इंजिन काढतं. उतारावर जीव ब्रेकच्या हाती.