जोडीने शोध, जोडीने संसार



रात्रीची जेवणं आटोपली की मोबाईलवर मालिकेचा पुढचा भाग उघडायचा, ही सवय आता आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनाच लागली आहे. त्यातून कथेतले नवरा-बायको दोघंही खासगी गुप्तहेर असतील तर विचारूच नका! भाग संपतो आणि पुढचा कधी येणार याची चुटपुट लागून राहते. आज अशाच जोड्यांबद्दल बोलू या.

खरं तर प्रेम आणि रहस्य यांचं एकमेकांशी जमायला नको. रहस्यकथेत दिसेल त्याच्यावर संशय घ्यावा लागतो आणि संसार तर विश्वासावर चालतो. मग गुप्तहेर जोडप्याचं कसं निभावतं?

याचं छान उत्तर अगाथा ख्रिस्तीने टॉमी आणि टपेन्स या जोडीतून दिलं. १९२२ मध्ये ही दोघं वाचकांना पहिल्यांदा भेटली, तेव्हा तरुण होती आणि खिसे रिकामे होते. १९२९ च्या कथांमध्ये लग्न होऊन सहा वर्षं झालेली आणि दोघं गुप्तहेर संस्था चालवत होती. १९७३ च्या शेवटच्या कादंबरीत ती चक्क आजी-आजोबा झाली. १९४१ च्या कादंबरीत टॉमीला एकट्यालाच गुप्त कामगिरीवर पाठवतात आणि बायकोला काही सांगायचं नाही, अशी ताकीद देतात. टॉमी मुक्कामी पोचतो, तर टपेन्स वेगळं नाव घेऊन त्याच्या आधीच तिथे हजर! चोरून ऐकलेल्या बोलण्यावरून तिने सगळा माग काढलेला असतो. टॉमी चिडत नाही. तो ओळख न दाखवता तिच्यासोबत कामाला लागतो. आपण या जोडीच्या प्रेमात पडतो ते इथे.

आपल्याकडेही अशी परंपरा आहे. गिरगावात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजारची आठवण काढली की पाठोपाठ त्याच्या बायकोचं, विजयाचं नाव येतं. घरातल्या आजोबांना विचारून बघा, डोळे चमकतील. बंगालीतल्या ब्योमकेश बक्षीला तर सत्यवती एका खुनाच्या तपासातच भेटली. संशय तिच्या भावावर होता. दूरदर्शनच्या मालिकेत ही सत्यवती आपल्या सुकन्या कुलकर्णींनी साकारली होती. कन्नडमध्ये एन. नरसिंहय्यांनी ‘पत्तेदार पुरुषोत्तम’पासून सुरुवात करून पाचशेहून अधिक गुप्तहेर कादंबऱ्या लिहिल्या. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी वाचकांनी शेजारच्या अज्जांना हे नाव सांगून पाहावं, गप्पांना विषय मिळेल.

आता कथेबाहेरची गोष्ट. खासगी गुप्तहेरांसाठी आपल्या देशात अजून वेगळा कायदा नाही. २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तरीही गुप्तहेराला कोणाचा फोन चोरून ऐकता येत नाही, की पोलिसांसारखी झडती घेता येत नाही. खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. ती याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. बेंगळुरूच्या या गृहस्थांनी वयाच्या ऐंशीनंतर हा लढा सुरू केला होता.

पण घरातल्या घरात काय? १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नवरा-बायकोपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं, की एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ आली असेल तर ते नातं आधीच मोडकळीला आल्याचं लक्षण आहे.

हे वाचून वाटतं, टॉमी आणि टपेन्स दिवसभर लोकांवर पाळत ठेवायचे, पण एकमेकांना प्रश्न विचारायची त्यांना भीती नव्हती. आपल्या घरात दोघांचेही फोन कुलूपबंद असतात. दुसऱ्याचा फोन वाजला की नजर आपोआप तिकडे वळते. त्या क्षणी फोन हळूच उचलून बघायचा, की “कोणाचा गं?”, “कोणाचा हो?” असं सरळ विचारायचं, एवढाच प्रश्न असतो. विचारायला धीर लागतो, कारण उत्तर ऐकायची तयारी ठेवावी लागते. पण चोरून पाहिलेलं मनात घेऊन त्याच ताटावर समोरासमोर बसणं त्याहून जड जातं.

तेव्हा वाचकहो, पुढची गुप्तहेर जोडी वाचताना खुनी कोण ते शोधाच, पण ती दोघं एकमेकांपासून काय लपवतात आणि कधी सांगून टाकतात, तेही बघा. मालिका दोघांनी मिळून वाचत असाल तर अजून उत्तम. प्रत्येक भागानंतर आपापला संशयित सांगायचा. ज्याचा अंदाज चुकेल, त्याने दुसऱ्या दिवशीचा पहिला चहा करायचा!

पुन्हा भेटूच.