किल्ली कोणाच्या कमरेला?

दिनांक २४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसनजीकच्या ल बूर्जे विमानतळावर एक खासगी विमान उतरले आणि त्यातून आलेल्या एका एकोणचाळीस वर्षांच्या प्रवाशास फ्रेंच पोलिसांनी ताब्यात घेतले. हे प्रवासी म्हणजे ‘टेलिग्राम’ या संदेशवहन सेवेचे संस्थापक पावेल दुरोव. त्यांच्या सेवेचा वापर त्या सुमारास ९५ कोटी लोक करीत होते. काही तासांतच जगात दोन तट पडले. एका तटास दुरोव हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे हुतात्मे वाटले, दुसऱ्यास गुन्हेगारांचे आश्रयदाते. आमच्या मते हे दोन्ही निवाडे उतावळेपणाचे आहेत. दुरोव यांच्या कारकिर्दीचा विचार करताना ते सज्जन की दुर्जन हा प्रश्न गौण ठरतो. कोट्यवधी माणसांच्या खासगी पत्रव्यवहाराची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, हा खरा प्रश्न आहे. आणि तो फ्रान्स-रशियाइतकाच आपलाही आहे.

दुरोव यांचा जन्म १९८४ सालचा, तेव्हाच्या लेनिनग्राडमधला. वडील भाषाशास्त्राचे प्राध्यापक. बालपणाचा काही काळ इटलीतील तुरीन शहरात गेलेला. वडीलबंधू निकोलाय हे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदके पटकावलेले गणिती. पावेल यांनी मात्र सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातून २००६ साली भाषाशास्त्राचीच पदवी घेतली आणि त्याच वर्षी ‘व्कोन्ताक्ते’ हे समाजमाध्यम सुरू केले. रशियन भाषकांच्या जगात ते बघता बघता सर्वांत मोठे ठरले. तरुण वयात आलेल्या संपत्तीने थोडा उन्मादही आणला. मे २०१२ मध्ये आपल्या कचेरीच्या खिडकीतून पाच-पाच हजार रुबलच्या नोटांची विमाने करून रस्त्यावर सोडण्याचा प्रकार त्यांनी केला. परंतु याच उधळ्या तरुणाच्या अंगी कणा आहे, हेही लवकरच दिसून आले होते. डिसेंबर २०११ मधील संसदीय निवडणुकीनंतर रशियात निदर्शनांचा डोंब उसळला, तेव्हा विरोधकांचे गट बंद करण्याचा हुकूम सुरक्षायंत्रणेने सोडला. दुरोव यांनी तो जाहीर केला आणि उत्तरादाखल जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याचे चित्र प्रसिद्ध केले! डिसेंबर २०१३ मध्ये युक्रेनमधील आंदोलनाच्या संघटकांची माहिती मागण्यात आली, तेव्हाही त्यांनी ती नाकारली. त्याची किंमत त्यांनी मोजली. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी आपला हिस्सा विकला, एप्रिलमध्ये पद गेले आणि मग त्यांनी देश सोडला.

येथवरची कथा कोणाही स्वातंत्र्यप्रेमी माणसास आवडेल अशीच आहे. परंतु ती येथे थांबत नाही. दुरोव गेले; ‘व्कोन्ताक्ते’वर लोकांनी वर्षानुवर्षे लिहिलेले जे काही होते, ते मात्र जागच्या जागी राहिले. कंपनीची संपूर्ण मालकी २०१४ मध्येच ‘मेल.रू’ समूहाकडे गेली. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्या नियंत्रणाची सूत्रे सरकारी गॅझप्रॉमच्या गोटात पोहोचली, आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील ज्येष्ठ अधिकारी सेर्गेई किरियेन्को यांचे चिरंजीव तिचे प्रमुख झाले. मधल्या काळात या माध्यमावरील मजकुराच्या आधारे रशियन नागरिकांवर खटले भरण्यात आले. मालकाच्या निर्भयतेवर विसंबून ज्यांनी आपले मन तेथे मोकळे केले, त्यांना तो मालक नाहीसा झाल्यावर कोणी वाली उरला नाही. माणसाचे धैर्य ही फार मोठी गोष्ट आहे; पण ते त्याच्याबरोबर जाते. विकल्या गेलेल्या कंपनीबरोबर ते पुढच्या मालकास मिळत नसते.

दुरोव यांनी हा धडा स्वतः घेतला काय? ‘टेलिग्राम’ त्यांनी २०१३ साली सुरू केले ते सुरक्षिततेचे वचन देऊनच. त्यासाठी लागणारी कूटलेखनाची, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठविण्याची, पद्धत बंधू निकोलाय यांनी रचली. परंतु येथे वाचकांनी एक भेद नीट ध्यानी घ्यावा. कूटलेखन दोन प्रकारचे असते. एकात पत्राचे कुलूप केवळ पाठविणारा आणि स्वीकारणारा हेच उघडू शकतात. मधल्या कंपनीपाशी किल्लीच नसते. दुसऱ्यात वाटेवरच्या चोरापासून पत्र सुरक्षित राहते, पण कंपनीच्या कोठारात ते जाऊन पडते आणि कोठाराची किल्ली कंपनीकडे असते. ‘टेलिग्राम’वरील नित्याचे संभाषण या दुसऱ्या प्रकारात मोडते. पहिला प्रकार तेथे ‘गुप्त संभाषण’ या नावाने आहे. परंतु तो दोघांपुरताच असतो आणि मुद्दाम निवडावा लागतो. अर्थात, जगातील कोट्यवधी लोक ज्याला अभेद्य किल्ला समजतात, त्याच्या बहुतेक दालनांच्या किल्ल्या किल्लेदाराच्या जुडग्यात आहेत. आजचा किल्लेदार प्रामाणिक असेलही. पण ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवावाचून रचलेली नाही.

याउलट ‘सिग्नल’ या सेवेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०१६ साली अमेरिकेतील एका ग्रँड ज्युरीच्या आदेशान्वये तिच्याकडून वापरकर्त्यांची माहिती मागविण्यात आली. तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटचा संपर्क कोणत्या दिवशी झाला, यापलीकडे तिच्यापाशी देण्याजोगे काहीच निघाले नाही. तिला कायद्याशी झुंज घ्यावी लागली नाही की हौतात्म्यही पत्करावे लागले नाही. जे हाती नाहीच, ते कोणी हिसकावून घेऊ शकत नाही.

किल्ली हाती असलेल्याच्या दारावर मात्र सत्ता कधी ना कधी धडकतेच. रशियाने कूटलेखनाच्या किल्ल्या मागितल्या, दुरोव यांनी नकार दिला आणि एप्रिल २०१८ मध्ये ‘टेलिग्राम’वर बंदी आली. ती अमलात आणताना रशियन अधिकाऱ्यांनी ॲमेझॉन आणि गूगलचे लक्षावधी पत्ते रोखले. सुक्याबरोबर ओलेही जळाले, अनेक निरुपद्रवी सेवा बंद पडल्या, पण ‘टेलिग्राम’ चालूच राहिले. जून २०२० मध्ये ती बंदी निमूटपणे उठवावी लागली. दुरोव यांच्या हट्टाचा हा विजय होता, यात शंका नाही.

असे असता फ्रान्ससारख्या लोकशाही देशाने त्यांना का अडवावे? येथे दुसरा भेद पुढे येतो. ‘टेलिग्राम’ हे केवळ पत्रपेटी नाही. त्यावर दोन लाख सभासदांचे गट चालतात आणि वाचकसंख्येची मर्यादा नसलेल्या वाहिन्या चालतात. दोन माणसांमधील पत्र ही खासगी बाब आहे. लक्षावधींपुढे मांडलेला मजकूर हे प्रकाशन आहे. प्रकाशनाची जबाबदारी काय असते, हे वृत्तपत्रांच्या धंद्यात आम्हास कोणी शिकवावयास नको. मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे अंकावर छापण्याचे बंधन १८६७ च्या कायद्यापासून चालत आले आहे. लाखोंच्या बाजारात अमली पदार्थ विकले जात असतील, बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे फिरत असतील, तर बाजाराच्या मालकाने ‘आमच्याकडे गुप्तता पाळली जाते’ असे सांगून कानांवर हात ठेवणे मुळीच क्षम्य नाही. फ्रेंच आरोपांचा मुख्य रोख या दुर्लक्षावर आणि तपासात माहिती न देण्यावर आहे. ते आरोप सिद्ध करण्याचे काम न्यायालयाचे. परंतु त्याच यादीत कूटलेखनाची सेवा रीतसर नोंद न करता पुरविल्याचाही आरोप आहे, हे आम्हास खटकते. बाजारातील घाण काढण्याच्या निमित्ताने पत्रांची कुलुपे हाच गुन्हा ठरू लागला, तर म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावेल.

अटकेनंतर काय घडले तेही बोलके आहे. ५० लाख युरोंच्या हमीवर सुटका होऊन दुरोव फ्रान्समध्येच अडकून होते, त्याच काळात, सप्टेंबर २०२४ मध्ये, ‘टेलिग्राम’ने आपले नियम बदलले. वैध कायदेशीर मागणी आल्यास नियमभंग करणाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि संगणकीय पत्ते यापुढे दिले जातील, असे जाहीर झाले. पूर्वी ही तयारी दहशतवादाच्या प्रकरणांपुरती होती. हा बदल कदाचित योग्यही असेल. परंतु एका माणसावर आलेल्या प्रसंगासरशी ९५ कोटी लोकांच्या गुप्ततेच्या अटी बदलाव्यात, याचा अर्थ ती गुप्तता त्यांचा हक्क कधीच नव्हती. ती मालकाची मेहेरबानी होती.

आपल्या देशात या साऱ्याचा संबंध किती निकटचा आहे, हे १८ जून २०२४ च्या ‘नेट’ परीक्षेने दाखविले. नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी दिलेली ती परीक्षा ‘टेलिग्राम’वर प्रश्नपत्रिका फिरल्याच्या कारणाने दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, आणि पुढे केंद्रीय तपास यंत्रणेला ते चित्रच फेरफार केलेले आढळले. उघड वाहिनीवरील एका बनावट चित्राने लाखो तरुणांची मेहनत मातीमोल केली. अशा वाहिन्यांना उत्तरदायी धरलेच पाहिजे. परंतु आमच्या सरकारच्या २०२१ च्या नियमांत संदेशाचा मूळ प्रेषक हुडकून देण्याचे जे बंधन आहे, ते उघड वाहिनीशी न थांबता खासगी पत्रालाही लागू होते. ‘व्हॉट्सॲप’ने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली ती याच कारणासाठी. एकाचा माग ठेवावयाचा तर सर्वांचा ठेवावा लागतो.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. दुरोव यांच्या अटकेच्या दिवशी त्याला बरोबर सात वर्षे झाली होती. तरीही आपल्या देशात कोणाचे संभाषण चोरून ऐकावे याची परवानगी गृहसचिव देतात आणि तिची फेरतपासणी सचिवांचीच समिती करते. या साऱ्यात न्यायाधीशाची सही कोठेच लागत नाही. १९६१ पर्यंत सेन्सॉरच्या शिक्क्याखाली शब्द छापावे लागलेल्या गोमंतकास, परवानगी देणारा आणि तपासणारा एकाच घरचा असला म्हणजे काय होते, हे निराळे सांगावयास नको.

म्हणून मागण्या दोन आहेत आणि त्या एकत्रच केल्या पाहिजेत. उघड वाहिन्या चालविणाऱ्यांना प्रकाशकाची जबाबदारी घ्यावयास लावा. आणि खासगी पत्र न्यायाधीशाच्या लेखी आदेशावाचून कोणाच्याही डोळ्यांस पडणार नाही, अशी तरतूद कायद्यात करा. कंपनीपाशी किल्ली नसलेले कुलूप वापरणे हा नागरिकाचा अधिकार आहे, हेही त्यातच स्पष्ट व्हावे. दुरोव यांनी सत्तेला नकार दिला, त्याचे श्रेय त्यांना अवश्य द्यावे. पण आपल्या पत्राची गुप्तता राखण्यासाठी कोणी शूर मालक शोधत बसण्याची पाळी स्वतंत्र देशाच्या नागरिकावर येता कामा नये.