तंबूचं बुकिंग बुडालं तर बुडू द्या



शेतीच्या नोंदींत आज तंबूचा विषय काढतोय म्हणून हसू नका. पावसाळी पर्यटन आता आपल्या बांधापर्यंत आलंय. शहरातली पोरंबाळं गाडी काढून येतात, डोंगराच्या पायथ्याला नाहीतर धरणाच्या काठाला रात्र काढतात. ते तंबू लावणारे बरेचदा आपलेच शेतकरी भाऊ असतात. कपाशीच्या भावावर घर चालत नाही, त्यात दोन पैसे येत असतील तर चांगलंच आहे. माझं भांडण फक्त एका वाक्याशी आहे: "इथं तर थेंब नाही, मग प्लॅन कशाला बदलायचा?"

हेच वाक्य गेल्या पावसाळ्यात घरात ऐकलं. साडूंचं कुटुंब पुण्याहून आलं होतं. धुळ्याहून चाळीसगाव, पाटणादेवीचं दर्शन, नाल्याकाठच्या एका खाजगी शेतात तंबूत मुक्काम आणि सकाळी वेरूळ, असा बेत. दुपारी चाळीसगावात लख्ख ऊन, पण दक्षिणेला डोंगरावर काळंभोर झालेलं. मी म्हटलं, मुक्काम शेतावर करा. साडू म्हणाले, "भाऊ, ॲडव्हान्स भरलाय, परत मिळणार नाही." तंबूवाल्याला फोन केला, तोही तेच म्हणाला: पाऊस इथं नाही, पैसे परत नाहीत. शेवटी वहिनींनी निकाल दिला. पोरं आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपली, रात्री शेवभाजी-भाकरी झाली. त्या रात्री नाल्याला पूर आला की नाही, हे मी सांगणार नाही, कारण मुद्दा तो नाहीच. पूर न येताही निर्णय बरोबरच होता.

का, ते हिशोबाने सांगतो. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. एक चौरस किलोमीटर डोंगरावर 100 मिलिमीटर पडला तर 10 कोटी लिटर. ऑगस्ट अखेरीस जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते. डोंगरउतारावर माती वीतभर, खाली काळा पाषाण. पाणी मुरायला जागाच नाही, मग ते एकाच घळीतून खाली येणार. पायथ्याच्या नाल्याला तुमच्या डोक्यावर ऊन आहे की पाऊस, याच्याशी काही देणंघेणं नाही.

30 ऑगस्ट 2021 ची रात्र चाळीसगावकर विसरलेले नाहीत. डोंगरात मुसळधार झाली आणि 31 तारखेला तितूर आणि डोंगरी नद्यांनी शहरात पाणी घातलं. घरं, दुकानं, शेतं बुडाली, दावणीची जनावरं गेली. कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळल्या, धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला. म्हणजे त्या रात्री खाली नदी आणि वर घाट, दोन्ही वाटा एकदम गेल्या. पायथ्याला तंबूत असलेल्या कुटुंबाने पळायचं ठरवलं असतं तरी कुठं पळायचं?

30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाह बघता बघता वाढला आणि त्यांना काठ गाठता आला नाही. पाणी किती आहे ते दिसतं, किती येतंय ते दिसत नाही.

आपल्याला हे नवीन आहे का? हतनूरचे दरवाजे उघडतात तेव्हा भुसावळात कित्येकदा कोरडं असतं. पाऊस झालेला असतो वर, बऱ्हाणपूर-बैतूलकडे. तापीकाठचा माणूस हे बापजाद्यांपासून जाणतो. मग तंबू लावताना ही अक्कल घरी का ठेवतो?

आता समोरची बाजू. तंबूवाले भाऊ म्हणतात, "किराणा भरलाय, स्वयंपाकी सांगितलाय. प्रत्येक पिवळ्या इशाऱ्याला लोक मागे फिरले तर आम्ही चार महिने काय करायचं?" रास्त आहे. दुसरं म्हणणं, "हवामान खात्याचा अंदाज चुकतो." चुकतो, मान्य. पण अंदाज चुकला तर एका रात्रीचं भाडं जातं. अंदाज खरा ठरला आणि आपण हटलो नाही, तर जे जातं त्याचा पंचनामा होतो. दोन्ही पारडी सारखी नाहीत. पावसाची शक्यता दिसली की आपण फवारणी थांबवतोच ना? पाऊस नाही आला तर खात्याला शिव्या देतो, पण पंप भरत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे:

1. नाल्याच्या पात्रात आणि जुन्या पुराच्या खुणेखाली तंबू लावू नका. खूण शोधायला इंजिनिअर लागत नाही. काठच्या झुडपांत काडीकचरा कुठवर अडकलाय ते बघा.

2. इशारा वरच्या अंगाच्या जिल्ह्याचाही बघा. चाळीसगावला जाताना छत्रपती संभाजीनगरचा, तापीकाठी मध्य प्रदेशाचा. मंडळाच्या गावातलं पर्जन्यमापक डोंगरावरचा पाऊस मोजत नाही.

3. केशरी किंवा लाल इशारा असेल तर पाहुण्याला तारीख बदलून द्या, पैसे कापू नका. पैसे अडकले की माणूस धोका पत्करतो. हा नियम बुकिंग घेतानाच सांगा.

4. तंबूवाल्याकडे उंचावर पक्कं छप्पर हवंच. तंबू विजेपासून वाचवत नाही, झाडही नाही. दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. कडकडाट ऐकू आला की पक्क्या घरात नाहीतर बंद गाडीत बसा.

5. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, की सामान सोडा आणि वर चढा. गाडी काढायलाही थांबू नका.

सहायक कृषी अधिकारी आणि हवामान सल्ला देणाऱ्या मंडळींनाही विनंती. सल्ल्यात फवारणी आणि खताबरोबर नाल्याकाठची मोटार, दावणीची जनावरं आणि मुक्कामी पाहुणे यांच्यासाठीही एक ओळ टाका. पूर त्यांच्यात फरक करत नाही.

पंचांगात मृग लागला म्हणून आपण धुळीत बी टाकत नाही, ओल बघतो आणि ठरलेली पेरणी आठवडाभर पुढं ढकलतो. त्याला कोणी भित्रेपणा म्हणत नाही. सहलीलाही तोच न्याय लावा, आणि पाहुणे ऐकत नसतील तर पुण्या-मुंबईचे आहेत म्हणून भीड धरू नका. नाला आपल्या गावचा आहे, सांगायचं काम आपलं.