ग्रामसभेतील मौन

नगरनजीकच्या हिवरे बाजार या गावाचे नाव आमच्या वाचकांनी बंधारे आणि पाणी यांच्या संबंधात अनेकदा ऐकिले असेल. आज आम्हांस विचारार्थ घ्यावयाची आहे ती तेथील सभेची रीत. 1989 साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतरच्या काळात तेथे असा परिपाठ पडला की, पावसाळा सरला म्हणजे पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडावयाचा, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूस काढावयाचे, आणि उरलेल्यावर पिके ठरवावयाची. उसास बंदी, शेतीच्या पाण्यासाठी विंधन विहिरीस बंदी. बड्या शेतकऱ्यास जाचक असे हे निर्णय टिकतात कसे? आमच्या मते, वादाच्या आरंभीच आकडा ठेविलेला असतो म्हणून. पर्जन्यमापकास भावकी ठाऊक नसते. ज्यास विरोध करावयाचा त्यास आकड्याशी भांडावे लागते, शेजाऱ्याशी नव्हे.

परंतु सगळेच प्रश्न मापाने मिटत नाहीत. बौद्धवाड्याचा रस्ता, स्मशानभूमी, विहाराची जागा हे विषय निघाले की पुष्कळ गावी चर्चा विषयावरून माणसावर घसरते. बोलणाऱ्यास मध्येच तोडावे, त्याच्या बापाची ओळख काढावी, भगिनी उठली तर हसावे. आणि अखेरीस इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहावे! वकिलीच्या व्यवसायात अशी इतिवृत्ते आम्ही बरीच वाचली आहेत. ज्या सभेत दुर्बलाने भीतीने तोंड उघडले नाही, तिचेही इतिवृत्त सर्वानुमतेच असते.

हा धोका बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखला होता. ग्रामपंचायत विधेयकावर मुंबई कायदेमंडळात 1932 साली बोलताना अस्पृश्यांस राखीव जागा हव्यात हा आग्रह त्यांनी धरिला. संविधान सभेत 25 नोव्हेंबर 1949 रोजी त्यांनीच सांगितले की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सभाशास्त्र भिक्षुसंघास अवगत होते. विनयपिटक उघडून पाहावे. तेथेही मौन ही संमतीच, पण केव्हा? महत्त्वाच्या विषयांत प्रस्ताव तीन वेळा ऐकवून, ‘ज्यास मान्य नसेल त्याने बोलावे’ असे तितक्याच वेळा विचारल्यावर. दुसऱ्यावर दोष ठेवणाऱ्याने आधी त्याची अनुमती घ्यावी. योग्य वेळी, खरे, सौम्य, हिताचे आणि मैत्रीच्या चित्ताने बोलावे. रीतीने मिटलेला प्रश्न जाणूनबुजून पुन्हा उकरणे हा तर तेथे दोषच मानिला आहे. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले करणारा ठराव केला व 1927 साली तो फिरविला, हे स्मरले म्हणजे त्या नियमाची किंमत कळते.

आजचा कायदा काही आधार देतो. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे. ती कागदोपत्री उरकू देऊ नये, कारण भगिनींचा पहिला शब्द तेथेच निघतो. चारचौघांसमोर जातीवरून शिवीगाळ करणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण फिर्याद ही अपमान घडल्यानंतरची वाट होय. तो घडू न देणे हे अध्यक्षस्थानी बसणाऱ्याचे काम. आणि अध्यक्ष जर स्वपक्षीयाच्या आरडाओरडीकडे काणाडोळा करीत असेल, तर त्याची निष्पक्षता तेथेच संपली असे आम्ही समजतो. उलट, आपल्या तरुणांनीही रागाच्या भरात समोरच्याची जात काढू नये. तसे झाले की रस्त्याचा विषय बाजूस पडतो, आणि विरोधकास तेच हवे असते.

यास्तव आमची सूचना इतकीच: विषय लेखी द्यावा, सोबत मोजमाप जोडावे, बोलणारा आधीच ठरवावा, आणि ठराव अमान्य असल्यास आपला विरोध नावानिशी नोंदविण्यास सांगावे. नंतर इतिवृत्ताची प्रत मागावी. ती न दिल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपये शुल्कात करता येतो, व 30 दिवसांत उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.