व्याज घ्यावे, मुद्दल राखावे

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावर किंवा डोंबिवलीच्या नव्या गृहसंकुलांच्या प्रवेशद्वाराशी तलवारीसारख्या लांब पानांचे एक झाड हल्ली वारंवार दिसते. रोपवाटिकेत त्याला ‘युक्का’ म्हणतात. पुष्कळ जण त्यास कोरफडीचा प्रकार समजतात. श्वेतांबर परंपरेतील बत्तीस अनंतकायांत कोरफडीची गणना असल्याने श्रावकाच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. वस्तुतः युक्का कोरफडीहून निराळा असून त्याचे जवळचे नाते आपल्या शेतबांधावरील घायपाताशी आहे.

युक्काचे माहेर मेक्सिको आणि अमेरिकेचा रुक्ष नैर्ऋत्य भाग. तेथील मूळ रहिवाशांनी त्याच्या पानांच्या तंतूंपासून दोर, टोपल्या आणि पायातील वहाणा बनवल्या. चामड्याविना पादत्राण ही कल्पना तेथे फार जुनी आहे. मुळांत सॅपोनिन हे फेस आणणारे द्रव्य असते. ते कुटून केस धुण्याची प्रथा नवाहो व होपी समाजांत आहे. न्यू मेक्सिको राज्याने 1927 साली युक्काच्या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला.

येथे जमाखर्च मांडून पाहावा. बाहेरची पाने काढली तरी झाड जगते, नवी पाने फुटतात. मूळ खणले, तर झाडच जाते आणि त्याच्या आश्रयाने मातीत राहणारे असंख्य सूक्ष्म जीवही. फेसासाठी आपल्याकडे रिठा आणि शिकेकाई आहेत; त्यांची फळे-शेंगा घेतल्याने झाडाला धक्का लागत नाही. म्हणून युक्काच्या मुळाचा मोह आपण धरू नये.

या झाडाचा आणि एका लहानशा पतंगाचा व्यवहार मोठा बोधप्रद आहे. मादी पतंग एका फुलातील पराग गोळा करून दुसऱ्या फुलात नेऊन ठेवते आणि त्याच फुलाच्या बीजकोशात अंडी घालते. अळ्या काही बिया खातात, उरलेल्या बियांतून झाडाचा वंश वाढतो. एखाद्या फुलात अंडी फार झाली, तर झाड ते फूलच गाळून टाकते. व्याज घ्यावे, मुद्दलाला हात लावू नये, हा पेढीचा नियम निसर्गाने असा पाळला आहे. जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, हे जैन प्रतीकचिन्हाखालील सूत्राचे तत्त्व याहून वेगळे काय सांगते? हा पतंग आपल्याकडे नसल्याने येथे युक्काला सहसा बी धरत नाही. लागवड फुटव्यांनी अथवा खोडाच्या तुकड्यांनी करतात.

ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वाळवंटी झाडाला खरा धोका या पाण्याचाच. खोडाचा तुकडा काही दिवस सावलीत सुकू द्यावा, म्हणजे काप कुजत नाही. कुंडीच्या तळाला भोक हवे. मातीत जाडी वाळू आणि विटांचे तुकडे मिसळावेत. चातुर्मासात कुंडी छपराखाली ठेवावी आणि माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी घालू नये. पाणी वाचते, अप्काय जीवांची विराधनाही घटते. काही जातींच्या पानांचे टोक सुईसारखे असते. मुले खेळतात तेथे ती लावू नयेत. रोपवाटिकेतून बिनकाट्याची जात मागून घ्यावी.

घायपाताचा विचार याहून निकडीचा आहे. महाराष्ट्रात घायपात आणि केकताडाचे दोर वळणे हा मातंग समाजाचा परंपरागत व्यवसाय. पाने कुजवणे, ठेचणे, अंगाला खाजवणारा रस सोसून तंतू धुणे, मग वळणे, अशी ती मेहनत. नायलॉनचा दोर स्वस्त आणि टिकाऊ निघाला आणि हे हस्तकौशल्य मागे पडले. प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर राज्याने 2018 साली बंदी आणली. तरी दुकानातले गठ्ठे आजही बहुधा प्लास्टिकच्या दोरीनेच बांधले जातात. ती दोरी गटारात अडकते, गुराच्या पोटात जाते. तिची किंमत बिलात दिसत नाही, म्हणून ती स्वस्त वाटते.

कल्याणच्या बाजारपेठेत ज्याची पेढी आहे, त्याने निदान काही गठ्ठ्यांसाठी तंतूचा दोर मागावा. मागणी आली, तर तो वळणारे हात अजून आहेत. गृहसंकुलाच्या दारातील युक्का शोभेसाठी आहे. त्याच्या नातलगाने मात्र कुणाचे तरी घर चालू शकते.