तुकड्यातली खूण आणि गरिबाचा हक्क

कशेडी घाटाखाली मिश्री लावणाऱ्या आईच्या गालात न भरणारी जखम दिसली, की घरात पहिला प्रश्न असतो खर्चाचा. खरा प्रश्न वेळेचा आहे. जखमेचा तुकडा तपासला तर कॅन्सर आहे की नाही एवढेच कळत नाही. तो किती पसरेल याच्या खुणाही त्यात शोधता येतात.

आपल्याच रायगड जिल्ह्यातील खारघरच्या टाटा संशोधन केंद्रात केराटिन ८ आणि १८ या प्रथिनांवर काम झाले. कॅन्सरच्या पेशींतून ती कमी केल्यावर पेशींचा आक्रमकपणा घटला. या खुणा अजून रोजच्या उपचारात आलेल्या नाहीत. पण गाठीची खोली मोजता येते आणि खोल गाठ मानेत पसरण्याचा धोका जास्त. टाटाच्या २०१५ च्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातच मानेच्याही ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के.

वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बजावले. मग माहितीच्या अधिकारात विचारा: पोलादपूर-महाडच्या रुग्णाचा तुकडा कुठे तपासतात? अहवाल किती दिवसांत मिळतो? त्यात खोली लिहितात का? अर्ज द्या, पोच घ्या. मिश्रीचा डबा मात्र आजच फेकून द्या.